लेकरू मध्यभागी असले की…

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर या पट्ट्यात ख्रिस्ती घरे मोजकीच. रविवारी कुणी लोकलने, कुणी रिक्षाने उपासनेला किंवा मिस्साला येतो. सोबत पोरे असतात आणि मोठ्यांचा निम्मा जीव त्यांना गप्प बसवण्यात जातो. शुभवर्तमान मात्र मोठ्यांनाच लेकरांकडून शिकायला सांगते.

येशूने काय केले?

सर्वांत मोठा कोण, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने एका बालकाला त्यांच्यामध्ये उभे केले (मत्तय १८). पुढे लोक लेकरे घेऊन आले, तर शिष्य त्यांना दटावू लागले. तेव्हा येशू रागावला तो शिष्यांवर, आणि मुलांना त्याने कवेत घेतले (मार्क १०). त्या काळी मुलाला ना मान होता, ना अधिकार. असा कोणाच्या खिजगणतीत नसलेला जीव त्याने थोरपणाचे माप ठरवला.

काय शिकायचे?

हट्ट आणि रुसवेफुगवे नव्हेत. समजुतीत प्रौढ आणि वाईटात तेवढे तान्हे असावे, असे पौलाने करिंथकरांना बजावले आहे. शिकायचे ते मागताना न लाजणे, पडल्यावर हात पुढे करणे, सकाळचे भांडण दुपारी विसरणे.

मुलाकडून शिकावे कसे, ते एली याजकाकडे पाहावे (१ शमुवेल ३). रात्री हाक ऐकून धावत आलेल्या शमुवेलाला त्याने दोनदा परत निजायला पाठवले. तिसऱ्यांदा मात्र ही हाक देवाची आहे हे त्याने ओळखले आणि उत्तर काय द्यायचे ते पोराला शिकवले. सकाळी त्याच पोराच्या तोंडून स्वतःच्या घराण्याविरुद्धचा निकाल त्याने खोदून खोदून विचारला आणि निमूट मान्य केला. मोठ्या माणसाला याहून अवघड काय असते?

शिस्त कशी लावावी?

नीतिसूत्रांतले छडीचे वचन अनेक बापांना तोंडपाठ असते. मुलांना चिडीस आणू नका (इफिसकरांस ६:४), त्यांना खचवू नका (कलस्सैकरांस ३:२१), ही बापांसाठीचीच वचने मात्र सोयीने विसरली जातात. शाळेत मारहाण आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. रविवारच्या शाळेतही तोच नियम पाळावा.

लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, इतके कठोर येशू बोलला आहे. म्हणून लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर मंडळीची अब्रू झाकत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मराठी वारसा

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बालपणाची काही वर्षे इथून जवळच, कल्याणला गेली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोरक्या मुलांना त्यांच्या घरात कशी जागा मिळाली, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळते.

भट्टीवरची लेकरे

रायगडात दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. कच्ची वीट सुकण्यासाठी उलटावी लागते. लहान पोरे वजनाने हलकी, म्हणून हे काम बरेचदा त्यांच्याकडे येते, आणि शाळा सुटते. बालकाला स्वीकारणारा मला स्वीकारतो, असे येशू म्हणाला तेव्हा त्याने जात किंवा धर्म विचारला नव्हता. त्यामुळे या पोरांना अंगणवाडी आणि शाळेपर्यंत पोचवणे हीदेखील सेवाच आहे. बदल्यात त्यांनी धर्म बदलावा अशी अपेक्षा ठेवू नये.

येत्या रविवारपासून

उपासनेत मुलांना मागच्या बाकावर बसवू नका, पुढे घ्या. एखादी प्रार्थना त्यांना त्यांच्या शब्दांत करू द्या. बोलताना खाली बसून डोळ्यांत पाहा. चुकलात तर मुलाची माफी मागा. आणि त्याने प्रश्न विचारला, तर ‘गप्प बस’ म्हणण्याआधी तो पुरता ऐकून घ्या.