दरात माझीही मजुरी

पहाटे ५:३०

जयपुरात ऑक्टोबर लागला की पहाटे अंगावर काहीतरी ओढावंसं वाटतं, आणि रजईची मागणी सुरू होते. आमचं घर मानसरोवरात. पुढची खोली कामाची. डबल बेडची रजई म्हणजे ९० बाय १०८ इंच, तेवढं कापड कुठल्याच टेबलावर मावत नाही. ते जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसूनच कापावं लागतं आणि त्यासाठी सगळी खोली रिकामी लागते. घर उठलं की जमीन मोकळी मिळत नाही, म्हणून कटिंग पहाटेच.

सांगानेरी बुटीला वर फूल आणि खाली देठ असतो. दोन पट्टे जोडताना एक जरी उलटा लागला तरी अर्ध्या रजईची फुलं खाली तोंड करून लोंबतात. लांबून कळत नाही, पण अंथरुणात पडल्यापडल्या तेवढंच दिसत राहतं. म्हणून कात्री चालवायच्या आधी प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या काठाला खडूने बाण काढते. अस्तराला एकरंगी मलमल. उरलेल्या पट्ट्या रुंदीप्रमाणे वेगळ्या बांधायच्या. चार बोटांच्या पट्ट्या गोटाला जातात, त्याहून लहान पिशव्यांच्या नाड्यांना.

कात्री ठेवली की वहीत वेळ लिहायची: किती वाजता बसले, किती वाजता उठले.

७:००

डबा, शाळेची रिक्षा, सासूबाईंचा चहा, पाण्याची टाकी. हे तास वहीत धरत नाही.

८:३०

वहीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते घरगुती व्यवसाय मशीनवर जेवढा उभा राहतो, त्याहून जास्त वहीवर उभा राहतो. घरातली बाई काम करते तेव्हा ते 'फावल्या वेळात' केलं, असं सगळे धरून चालतात. शेजारी धरतात, गिऱ्हाईक धरतं आणि ती स्वतःही धरते. मग कापड, दोरा, कापूस यांचे पैसे लावले जातात, वर थोडा नफा चढतो आणि तिचे तास फुकट जातात. असा व्यवसाय वाढला तर तिची मोफत मजुरीच वाढते.

आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभा राहिला. लिज्जतचं नाव निघालं की लोक ८० रुपयांची गोष्ट सांगतात. मला त्यातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की हा धंदा धंद्यासारखाच चालवा, हिशेब चोख ठेवा, आणि स्वस्तातला दुय्यम पापड काढू नका. मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ मोजून घ्यायची, ही तिथली पद्धत. लाटणं घरात होतं, पण त्याची मजुरी ठरलेली होती.

मी राज्याच्या किमान वेतनाच्या पत्रकातला दिवसाचा आकडा घेतला आणि त्याला आठ तासांनी भागलं. तो माझा ताशी दर. पत्रक बदललं की माझाही दर बदलतो.

१०:००

स्कूटरवर सांगानेर. जयपूर वसलं १७२७ मध्ये, सवाई जयसिंगांच्या काळात, पण सांगानेर त्याहून जुनं गाव आहे. इथलं कापड छापणारा समाज छिपा. मी ज्यांच्याकडे जाते त्या मास्टरजींचा कारखानाही घरालाच लागून आहे. खाली लांब टेबलं, वर कुटुंब, गच्चीवर वाळत घातलेले ताग्यांचे लांब पट्टे.

लाकडी ठसा शिसवाचा असतो. नवा ठसा आधी काही दिवस तेलात ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. ठशाच्या अंगात आरपार बारीक भोकं असतात. रंगात बुडवलेला ठसा कापडावर दाबला की मधे अडकलेली हवा त्यातून निघून जाते, नाहीतर छापाला बुडबुडे येतील. एका फुलाला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा तो रेख, आत रंग भरणारा तो दत्ता, आणि जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंग भरायचा असेल तर गद वेगळा. चार रंगांची बुटी म्हणजे तोच तागा चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोकायचा. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात एक टिंब असतं. मागच्या छापाच्या टिंबावर पुढचं टिंब बसवायचं आणि मुठीने पाठीवर एक ठोका द्यायचा. मी टेबलाशी उभी राहून फक्त ते टिंब पाहते. तो माणूस गप्पा मारत असतो, त्याची नजर टिंबावरून हलत नाही.

आज नवीन डिझाइनचा नमुना होता, पांढऱ्या जमिनीवर लाल-हिरवी बुटी. मी दराबद्दल जरा हात आखडता घेतला तर मास्टरजी म्हणाले, "भाभीजी, सफेद जमीन पर दाग छिपता नहीं." बरोबर आहे. गडद कापडावर चुकून पडलेला रंगाचा थेंब निभावून जातो, सांगानेरच्या पांढऱ्यावर तागाच बाद होतो. त्या जोखमीचे पैसे त्यांनी का मागू नयेत? दर कबूल केला.

शेजारीच स्क्रीन छपाईचं कापड याच बुटीत निम्म्याहून कमी श्रमांत निघतं आणि फोटोत दोन्ही सारखी दिसतात. म्हणून मी फोटो काढते तो ठशाच्या सांध्याचा. एक छाप संपून दुसरा सुरू होतो तिथे रेषा केसभर सरकलेली असते, कुठे रंग थोडा दाट असतो. विकताना हाच फोटो पहिला लावते. सांगानेरी हातछपाईला भौगोलिक मानांकन आहे, पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला प्रमाणपत्रापेक्षा सांधा पटकन कळतो.

१:३०

तगाईचं घर. भरलेल्या रजईला हाताने धावदोरा घालणं म्हणजे तगाई. आमच्याकडे गोधडीला घालतात तसाच दोरा, पण काम वेगळं. गोधडीत जुन्या कापडांचे थर असतात, ते जागचे हलत नाहीत. रजईत पिंजलेला कापूस असतो, तो घसरतो, गोळा होतो. तो जागेवर राहण्यासाठी टाका जवळ हवा आणि दोरा ओढायचा तो बेताने. जास्त ओढला तर रजई चपटी होते आणि ऊब जाते, कारण ऊब कापसात अडकलेल्या हवेची असते. जयपुरी रजई हलकी म्हणून नावाजली आहे, एकेरी रजईत पाव किलोच कापूस असाही माल इथे मिळतो. एवढा पातळ थर सगळीकडे सारखा पसरणं आणि तसाच टिकवणं, हीच या शहराची करामत.

इथे दोघी जावा समोरासमोर बसतात, रजई मधे, आणि दोन्ही बाजूंनी कडेकडून आत येतात. मी पोचले तेव्हा थोरलीने बोटावरचं कापड बदललं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "दीदी, ये वाला कपड़ा मक्खन है." छान मलमलीत सुई बोटाला त्रास देत नाही.

या कामाला नगावर पैसे देण्याची रीत आहे. नगाचा दर ठरवताना कुणी घड्याळ पाहत नाही. मी एक रजई पूर्ण होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून वेळ मोजली, तिला माझ्याच ताशी दराने गुणलं आणि तो नगाचा दर केला. माझा आणि त्यांचा तास एकाच भावाचा. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर मजुरांइतकीच वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. देशाने करायचं तेव्हा करावं, माझ्या वहीत तो लागू आहे.

पैसे जागच्या जागी, फोनवरून, धाकटीच्या स्वतःच्या खात्यात.

४:००

पोळी-भाजी, मग मशीन. तगाई होऊन आलेल्या दोन रजयांना गोट लावला. कोपरा वळवताना सुई कापडातच रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, रजई फिरवायची. कोपरा टोकदार येतो.

मधेच सीएंचा फोन. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत, एवढं मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते. जीएसटीचं मात्र जाणकाराला विचारावंच. मालाच्या उलाढालीवरच्या ४० लाखांच्या मर्यादेबद्दल सगळे ऐकून असतात, पण माल राज्याबाहेर गेला की नियम वेगळे आणि हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंची सवलत आणखी वेगळी.

६:००

पार्सलं. रजई घट्ट गुंडाळायची, पण दोरीने आवळायची नाही, कापसाला घडी पडते. आतून प्लास्टिक, बाहेरून जाड कापड, वर पत्ता. वजन करून पोस्टाचा खर्च लगेच वहीत.

९:००

कापूस महागला आहे, दिवाळीनंतर दर वाढवावा लागणार. गिऱ्हाइकांना निरोप पाठवला आणि त्यात फोड करून लिहिली: कापड, छपाई, कापूस, पिंजाई, तगाई, शिलाई, पोस्ट, आणि शेवटच्या ओळीत माझे तास.

नाशिकच्या एका ताईंनी लगेच विचारलं, ओळखीखातर शेवटची ओळ वगळून द्याल का? जमणार नाही म्हणून कळवलं आणि दोहर सुचवली. दोहर म्हणजे तीन पदरी मलमल, आत कापूस नाही, तगाई नाही, तासही कमी. त्यांनी नातवासाठी छोटी दोहर सांगितली, पैसे पाठवले आणि बुटी हिरवीच हवी म्हणून बजावलं.