पित्ताम्लं, आतड्यातले जीवाणू आणि कॅन्सरच्या पेशी: यांचं नातं काय?

'पित्त झालंय' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला ॲसिडिटी म्हणायचं असतं. इथे ज्या पित्ताबद्दल बोलायचंय ते वेगळं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि आपण तेलकट-तुपकट खाल्लं की लहान आतड्यात उतरून चरबी पचायला मदत करतं. त्यातली पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं.

यातली सुमारे ९५ टक्के आम्लं लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन पुन्हा यकृतात जातात. उरलेली मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले काही जीवाणू त्यांची रचना बदलतात आणि डीऑक्सिकोलिक आम्ल, म्हणजे डीसीए, तयार होतं. आहारात चरबी जास्त असेल तर पित्त जास्त स्रवतं आणि डीसीएसुद्धा वाढतं.

डीसीए पेशीच्या आवरणाला आणि डीएनएला इजा करतं. इजा जास्त झाली की पेशी स्वतःला संपवते. मग प्रश्न पडतो, पेशी मरतच असतील तर कॅन्सर कसा होईल?

शेतातलं उदाहरण घेऊ. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं फवारलं की त्याला दाद न देणारी कीड तेवढी उरते आणि पुढे तिचीच पिलावळ वाढते. आतड्यातही असंच होत असावं, असं अनेक संशोधक मानतात. वर्षानुवर्षं डीसीएचा मारा झाला की साध्या पेशी मरतात. ज्यांची 'स्वतःला संपव' ही यंत्रणाच बिघडलीय त्या तगून राहतात, तेही खराब झालेल्या डीएनएसकट.

आता दुसरी बाजू. आपल्याला न पचणारं फायबर मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशींचं हे मुख्य इंधन. कॅन्सरच्या पेशी मात्र ग्लुकोजवर जगणं पसंत करतात. त्यामुळे ब्युटिरेट त्यांच्यात जळत नाही, साठतं. ते केंद्रकात जाऊन कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद हे बदलतं. पेशीची वाढ थांबते, कधी ती मरतेही. एकाच पदार्थाने एकीला पोसायचं आणि दुसरीला मारायचं, हे मला या सगळ्यातलं सर्वांत भारी वाटलं! अर्थात हे मुख्यतः प्रयोगशाळेतलं चित्र आहे. विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या उंदरांवरच्या २०१४ च्या एका प्रयोगात तर ब्युटिरेटमुळे पेशींची वाढ उलट वाढली होती.

माणसांमध्ये काय दिसतं? मोठ्या आतड्याचा कॅन्सर आफ्रिकन-अमेरिकन लोकांमध्ये बराच आढळतो, ग्रामीण दक्षिण आफ्रिकेत फारच कमी. पिट्सबर्ग विद्यापीठाचे स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या प्रत्येकी २० जणांच्या ताटांची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना भरपूर फायबर आणि कमी चरबी, आफ्रिकेतल्यांना बर्गर-फ्राइजसारखं खाणं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्यांमध्ये ब्युटिरेट वाढलं, डीसीएसारखी आम्लं घटली, अस्तराची सूजही कमी झाली. आफ्रिकेतल्यांमध्ये बरोबर उलटं.

दोन आठवड्यांत कोणाला कॅन्सर झाला किंवा टळला असा याचा अर्थ नाही. बदलली ती धोक्याची लक्षणं मानली जाणारी मोजमापं. पण इतक्या लवकर बदलली, हे महत्त्वाचं.

म्हणून 'पित्त डिटॉक्स'ची पावडर घ्यायची का? नाही. पित्ताम्लांशिवाय चरबी नीट पचणारच नाही. ब्युटिरेटच्या गोळ्याही ऑनलाइन मिळतात, पण त्याने माणसांमधला कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही. साधं गिळलेलं ब्युटिरेट बरंचसं वरच शोषलं जातं. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी आणि डाळींमधलं फायबर मात्र मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं आणि ब्युटिरेट तिथेच तयार होतं.

आणि शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध असेल म्हणून सोडून देऊ नका, आहार कितीही चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवा.