हे औषध मला लागू पडेल का?
आमवात आणि रक्तातील खुणा

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय चाळिशीच्या घरात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नाहीत, फळ्यावर लिहिताना खडू धरवत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तपासणीअंती आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असे निदान झाले. मेथोट्रेक्सेट रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच घ्यायचे, हे मी समजावीत असता त्यांनी विचारले, “डॉक्टर, हे औषध मला लागू पडेल ना?” मी म्हणालो, “तीन महिने पाहू या.” उत्तर खरे होते, पण ते अपुरे आहे, हे आम्हां दोघांनाही जाणवले.

या आजारात तीन महिने ही लहान गोष्ट नाही. झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. सुरुवातीच्या काळात रोग काबूत आला, तरच सांधे वाचतात. मेथोट्रेक्सेटने सुमारे एक तृतीयांश रुग्णांना पुरेसा गुण येत नाही. तो कोणाला येणार नाही, हे रक्ताच्या तपासणीवरून आधीच कळले तर?

आपल्या हाताशी असलेल्या खुणा जुन्या आहेत. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरचे वर्णन नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेत हॅरी रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये केले. सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे १९९८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविली आणि त्यातून अँटी-सीसीपी चाचणी आली. २०१० च्या वर्गीकरण-निकषांत या दोहोंना स्थान मिळाले.

मात्र येथे तीन प्रश्नांची गल्लत होऊ नये. आजार कोणता, तो किती उग्र होईल आणि कोणते औषध लागू पडेल, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. अँटी-सीसीपी पहिल्या दोहोंचे उत्तर चांगले देते, तिसऱ्याचे क्वचितच. त्यातला ठळक अपवाद रिटुक्सिमॅबचा. हे औषध बी-पेशी कमी करते. साहजिकच, ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत त्यांना त्याचा गुण अधिक येतो. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची जैवसदृश आवृत्ती मूळ औषधापेक्षा कमी किमतीत आणल्यामुळे आपल्याकडे या गोष्टीला व्यावहारिक महत्त्व आहे. अर्थात, त्यापूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी विसरता कामा नये.

टीएनएफ-रोधक औषधांबाबत चित्र धूसर आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अडालिमुमॅब घेणाऱ्या २७२ रुग्णांपैकी २८ टक्क्यांत तीन वर्षांत त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांच्यात गुण कमी आला. ही तपासणी अपयशाचे कारण सांगते. पण ते अपयश घडल्यावर. रक्तपेशींतील १९ जनुकांची सक्रियता व काही नैदानिक बाबी यांची सांगड घालून, टीएनएफ-रोधक कोणाला लागू पडणार नाही याचे भाकीत करणारी चाचणी अमेरिकेत विकसित झाली आहे. तथापि अशा चाचण्या नित्याच्या उपचारात अद्याप रुळलेल्या नाहीत.

आणखी एक सावधगिरी. यकृतात सीआरपी तयार होते ती मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या प्रेरणेने. टोसिलिझुमॅब नेमकी तीच प्रेरणा रोखते. म्हणून हे औषध घेणाऱ्या रुग्णाची सीआरपी उतरली, एवढ्यावरून सांधे निवले असे समजू नये. जंतुसंसर्ग असतानाही ती खालीच राहू शकते. अशा वेळी अहवालापेक्षा सांध्यावर ठेवलेला हात अधिक विश्वासू.

त्या शिक्षिकांना मेथोट्रेक्सेटने अर्धाच गुण आला. त्यांची अँटी-सीसीपी बरीच वाढलेली होती. पुढे रिटुक्सिमॅब दिले आणि दुसऱ्या सत्रात त्या पुन्हा फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मधले काही महिने मात्र मला परत देता आले नाहीत.

आज तोच प्रश्न कोणी विचारला, तर मी म्हणतो, “लागू पडेलच, असे आज सांगता येत नाही. पण पडले नाही, तर ते ओळखायला आपण उशीर करणार नाही.” तीन महिन्यांत सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठले नाही, तर उपचार बदलायचा, हा नियम त्यासाठीच आहे. रक्तातील खुणा पुढेमागे अधिक स्पष्ट बोलू लागतील. तोवर तारीख लक्षात ठेवून रुग्णाला पुन्हा बोलावणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.