देवांची संख्या आणि सोयरिकीचा हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड समाजात सोयरीक जुळवताना दोन्ही घरे किती देवांची, हे आधी पाहिले जाते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा वा सात देवांचे असतात आणि ही संख्या सारखी निघाली तर बोलणी तिथेच थांबतात. वरवर पाहता ही उपासनेची बाब वाटते. सांस्कृतिक मानवशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती नातेसंस्थेची बाब आहे.

एकाच पूर्वजाची परंपरा सांगणारा गट म्हणजे कुळ, अनेक कुळांना भाऊबंद ठरवणारा मोठा गट म्हणजे कुलसमूह, आणि आपल्या गटाबाहेरच लग्न करण्याचा नियम म्हणजे बहिर्विवाह. सगोत्र विवाहाचा निषेध ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात परके असे काही नाही. टेकाम कुळाचे सागाशी आणि मरकाम कुळाचे आंब्याशी जे नाते सांगितले जाते, तेही मराठा कुळांतील देवकाच्या जवळचेच आहे.

समान देवांची कुळे मिळून असा एक कुलसमूह होतो. त्यातील एका पिढीतील माणसे, रक्ताचा धागा सापडो वा न सापडो, बहीण-भाऊ ठरतात. याला वर्गीय नाते म्हणतात. उलट आत्याची किंवा मामाची मुलगी रक्ताने जवळची असूनही वेगळ्या देवांची असल्याने लग्नास योग्यच नव्हे, तर पसंतीची मानली जाते. ज्या घराने मुलगी दिली त्या घरात पुढच्या पिढीत तिची लेक सून होऊन येते, या रिवाजाला ‘दूध परत करणे’ म्हणत असल्याची नोंद अभ्यासक रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये केली. मराठा-कुणब्यांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. अशा लग्नांना उत्तरेकडे असलेला निषेध आणि दक्षिणेकडे असलेली मुभा महाराष्ट्रात एकत्र येतात, हे इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे.

हे ज्ञान ग्रंथांपुरते राहिलेले नाही. जमातीच्या दाखल्याची पडताळणी करणाऱ्या समित्या कुळ, देव, लग्नविधी यांविषयी प्रश्न विचारतात. या प्रश्नोत्तरांना आप्तभाव चाचणी म्हणतात. संस्कृती जणू गोठलेली असते, असे ही चाचणी गृहीत धरते; पण शहरात वाढलेल्या मुलाला देवांची संख्या सांगता आली नाही म्हणून त्याचे कुळ बदलत नाही. ही चाचणी प्रत्येक प्रकरणात निर्णायक मानता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये दिला.