हुंडणावळीचा व्यापार आणि नवशिका

पेशवाईच्या काळीं चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये बाजारांत चालत. एके ठिकाणचा रुपया दुसरीकडे पुऱ्या किंमतीस खपेलच असा नेम नसे. सराफ तो वाजवून पाही, कांहीं कसर कापून घेई व गिऱ्हाइकास हवें तें नाणें देई. ह्या कसरीला बट्टा म्हणत. नांवाला बट्टा लागणें ह्या वाक्प्रचारांतला बट्टा तोच. एका देशाचें चलन देऊन दुसऱ्या देशाचें घेण्याच्या भावाला जुन्या वर्तमानपत्रांत हुंडणावळ म्हणत असत. तो शब्द मागें पडला; सराफ व त्याचा बट्टा मात्र अद्याप आहेत.

हल्लीं हा विषय आमच्या वर्गांत वरचेवर निघूं लागला आहे. मोबाइलवर जाहिरात येते कीं, डॉलर-युरोची खरेदीविक्री घरबसल्या करा आणि दरमहा ठराविक नफा घ्या. वरच्या वर्गांतील मुलें आम्हांस विचारतात, "सर, हें खरें काय?" तीं विचारतात तें ठीकच, कांहीं घरांत न विचारतांच पैसे भरून झालेले असतात, आणि ते बहुधा कोणाच्या तरी शिक्षणाकरितां किंवा आजारपणाकरितां बाजूस ठेवलेले असतात. म्हणून मुलांबरोबर पालकांनींहि हा लेख वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम, भाव हालतो कां तें पाहूं. १९४४ सालीं अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथें ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणें एक औंस सोन्यास ३५ डॉलर हा भाव बांधलेला होता, व इतर चलनें डॉलरला बांधलेलीं होतीं. १५ ऑगस्ट १९७१ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं परदेशी सरकारांस डॉलरच्या बदल्यांत सोनें देण्याचें बंद केलें, आणि १९७३ पासून मोठ्या चलनांचे भाव मोकळे सुटले. आपला रुपया ६ जून १९६६ रोजीं एकदम डॉलरला ४.७६ वरून ७.५० वर उतरविण्यांत आला. त्यापूर्वीं आखातांतील कांहीं राज्यांत आपल्या रिझर्व्ह बँकेनें काढलेला निराळा 'आखाती रुपया' चालत असे. ह्या घटनेनंतर कतारसारख्या राज्यांनीं तो सोडून दिला. आज कोंकणांतील माणूस आखातांत नोकरीस जातो व तेथून घरीं पैसे धाडतो. एके काळीं तेथें त्याच्या आजोबांस रुपयाच भेटला असता. १९९१ च्या जुलैंत रुपया पुन्हां दोन टप्प्यांत उतरला, आणि १९९३ च्या मार्चपासून त्याचा भाव मुख्यतः बाजारच ठरवूं लागला. व्याजाचे दर, तेलाची किंमत, महागाई, युद्धाच्या वार्ता, ह्या सर्वांचा त्यावर परिणाम होतो.

बाजाराचा पसारा केवढा आहे? २०२५ च्या एप्रिलांत झालेल्या आंतरराष्ट्रीय मोजणींत रोजची उलाढाल सुमारें ९.६ लाख कोटि डॉलर भरली. ह्या बाजारांत मोठमोठ्या बँकांचे शेंकडों तज्ज्ञ दिवसरात्र बसलेले असतात. बातमी त्यांना आधीं कळते व बट्टा त्यांना कमी पडतो. नवशिका खेळूं जातो तो ह्यांच्यासमोर.

आतां बट्ट्याचा हिशेब करूं. समजा, एका दुकानीं डॉलर ८४ रुपयांस घेतात व ८८ रुपयांस विकतात. आपण ८,८०० रुपये देऊन १०० डॉलर घेतले, आणि दारांतूनच मागें फिरून ते विकले, तर हातीं ८,४०० येतात. भाव तसूभर हालला नाहीं, आणि ४०० रुपये गेले! मोबाइलवरील व्यापारांत ही कसर दिसावयास फार बारीक असते, परंतु जो दिवसांतून वीस वेळां सौदा करितो त्याला ती वीस वेळां लागते.

ह्याहून मोठी गोष्ट पुढें आहे. दुकानदार म्हणतो, "तुम्ही १०,००० रुपये अनामत ठेवा, आम्ही तुम्हांस १० लाखांचा सौदा करूं देतों." ह्यास लेव्हरेज असें नांव आहे, आम्हांस 'उसनें बळ' हे शब्द बरे वाटतात. शंभरपट बळानें सौदा केला आणि भाव शेंकडा एक आपल्या बाजूनें गेला, तर १०,००० चे २०,००० होतात. जाहिरात येथेंच थांबते. तोच भाव शेंकडा एक उलट गेला तर अनामत पुरी बुडते. आणि शेंकडा एक एवढें अंतर मोठीं चलनें कित्येकदां आठवड्यांत, कधीं एका दिवसांतहि चालून जातात. पुढें भाव आपल्या अंदाजाप्रमाणें वर चढला तरी उपयोग नाहीं, कारण आपला सौदा मधल्या घसरणींतच बंद केलेला असतो. अंदाज खरा ठरूनहि माणूस बुडतो, हें ह्या धंद्यांतलें मर्म आहे.

याचें एक उदाहरण विस्तारानें सांगण्याजोगें आहे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनें ६ सप्टेंबर २०११ रोजीं जाहीर केलें कीं, एका युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खालीं आम्ही जाऊं देणार नाहीं. तीन वर्षें तो जाऊं दिला नाहीं. तेव्हां पुष्कळांनीं हिशेब केला कीं, भाव ह्या रेषेजवळ आला म्हणजे युरो घ्यावे. खालीं जाण्याची भीति नाहींच. सावधगिरी म्हणून भाव रेषेखालीं गेल्यास विकून टाकावें अशी आज्ञाहि त्यांनीं देऊन ठेविली होती. १२ जानेवारी २०१५ रोजीं बँकेच्या उपाध्यक्षांनीं ह्या रेषेचा पुनः पुरस्कार केला. तीनच दिवसांनीं, १५ जानेवारीस, बँकेनें ती पुसून टाकिली. थोड्या मिनिटांत युरो एका फ्रँकच्याहि खालीं गेला. विकण्याच्या आज्ञा होत्या, पण मधल्या भावांना घेणाराच कोणी नव्हता. ज्यानें १,००० युरो अनामत ठेवून १ लाख युरोंचा सौदा केला होता, त्याचा युरो १.२० वरून १.०० वर विकला गेला असें धरा. तोटा २०,००० फ्रँक, म्हणजे त्या भावानें २०,००० युरो. अनामत वजा जातां तो १९,००० युरोंचा ऋणको झाला. अशा गिऱ्हाइकांकडून येणें न वसूल झाल्यामुळें लंडनमधील एक नांवाजलेली पेढीहि बसली.

युरोपीय संघाच्या देखरेख-संस्थेनें २०१८ सालीं अशा उसन्या बळाच्या सौद्यांविषयीं प्रसिद्ध केलें कीं, शेंकडा ७४ ते ८९ किरकोळ खातेदारांस तोटाच होतो. आणि मुख्य चलनांच्या सौद्यांस तीस पटींची मर्यादा घातली.

आपल्या देशांत तर कायद्याचा प्रश्न आधीं येतो. २०२४ च्या ३ मेपासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें शेअरबाजारांतील रुपयाच्या चलन-वायद्यांत उतरणारापाशीं परदेशी चलनाची खरी देणीघेणीं असलीं पाहिजेत. नुसत्या सट्ट्याकरितां तो बाजार नाहीं. परदेशांतील चलनाच्या सट्ट्यासाठीं येथून अनामत धाडणें हेंहि निषिद्ध आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें अनधिकृत दुकानांची ३४ नांवांची यादी प्रसिद्ध केली व पुढें ती वाढविली. परंतु यादींत नांव नाहीं म्हणून दुकान अधिकृत ठरत नाहीं, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. आणि अठरा वर्षांखालील मुलास १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें करारच करितां येत नाहीं. तेव्हां वडिलांच्या नांवें मुलानें चालविलेलें खातें हा वडिलांचाच सौदा होय.

मग शिकूं इच्छिणाऱ्या मुलानें काय करावें? एक वही घ्यावी. वर्तमानपत्रांत येणारा डॉलरचा भाव तीन महिने रोज लिहावा. मनांत सौदा करावा, पण कारण आधीं शाईनें लिहून, आणि प्रत्येक वेळीं बट्टा कापून. ५० रुपयांचा तोटा १०० रुपयांवर झाला तर तो भरून काढावयास उरलेल्या ५० ची दुप्पट करावी लागते, हें गणितहि त्याच वहींत आपोआप शिकावयास मिळेल. अशा वह्या आम्ही वर्गांत आनंदानें तपासूं.

ज्यांस परदेशी चलनाची खरी गरज आहे अशा पालकांची गोष्ट निराळी. मुलगा परदेशीं शिकत असेल, सहा महिन्यांनीं फी भरावयाची असेल, तर सर्व रक्कम एकाच दिवशींच्या भावावर न सोडतां चार हप्त्यांत घ्यावी. किंवा पुढील तारखेचा भाव आजच बांधून घेण्याची सोय आपल्या बँकेंत आहे काय तें विचारावें. आखातांतून पैसे धाडणाऱ्यांनीं रुपया आणखी उतरेल म्हणून घरखर्चाची रक्कम महिनोन् महिने अडकवून ठेवूं नये. आणि भाव विचारतांना "डॉलर काय भावानें?" एवढेंच विचारूं नये. सर्व कसर, आकार व कर धरून हातीं नक्की किती पडेल, हें दोन बँकांकडून लिहून घ्यावें, आणि ते दोन कागद शेजारीं ठेवून पाहावे.