संगणक कोणता घ्यावा? मराठी लिहिणाऱ्याच्या बाजूने

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाची गर्दी ओसरली की कोणी ना कोणी विद्यार्थी वडिलांना घेऊन मराठी विभागाच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "सर, कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ?" वास्तविक हा प्रश्न मला विचारण्याचे काही कारण नाही. मी शिकवतो ते लोकसाहित्य आणि भाषाविज्ञान. संगणक उघडून त्याच्या पोटात काय आहे हे मी कधी पाहिलेले नाही आणि पाहिले तरी मला ते समजणार नाही. परंतु ज्याचे जळते त्याला कळते, आणि माझे जळलेले आहे, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. यंदा तर खुद्द प्राचार्यांनीच तो प्रश्न विचारला. संगणककक्षात बारा यंत्रे, सगळी विंडोज १० वर चालणारी. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्या आवृत्तीची नित्याची देखभाल थांबवली. आता करायचे काय? मी जे तोंडी सांगितले ते अंकासाठी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला, म्हणून हा लेख.

आधी माझे काय जळले ते सांगतो. त्यावाचून पुढचे पटणार नाही.

२००२-०३ साली एम.फिल.च्या निमित्ताने मी आपल्याच जिल्ह्यात, लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील पुनर्वसित गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करीत हिंडत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ही गावे नव्या जागी वसली. जुन्या घरांबरोबर कित्येक जाती ढिगाऱ्यात गेली, आणि नव्या गावात पिठाची गिरणी आली. ओव्या ठाऊक असलेल्या बाया साठी-सत्तरीच्या. एक आजी म्हणाल्या, "लेकरा, हातात खुंटा न्हाई, मंग ववी कशी याची?" मी निराश होऊन उठू लागलो तर त्यांनी जमिनीवरच रिकामी मूठ गरगर फिरवायला सुरुवात केली, आणि तासाभरात एकोणीस ओव्या झाल्या. अशा सहाशेच्या वर ओव्या चार वह्यांत उतरल्या. तालुक्याच्या गावी एका डी.टी.पी. करणाऱ्याकडून त्या टंकलिखित करून घेतल्या. प्रबंधिकेच्या परिशिष्टात ऐंशी ओव्या छापल्या; बाकीच्या तीन फ्लॉप्यांत राहिल्या. पुढे फ्लॉप्यांवरून सीडी करून घेतली, म्हणजे त्या वेळच्या मानाने मी बराच शहाणपणा दाखवला होता!

२००९ च्या पावसाळ्यात लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि वह्या गेल्या. मला वाईट वाटले, पण धीर सुटला नाही. कारण सीडी होती. दोन वर्षांनी पुस्तक करावे म्हणून नव्या संगणकावर ती उघडली. फाइल उघडली. पानांची संख्या बरोबर होती, ओळींची लांबीसुद्धा बरोबर होती. परंतु पानभर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी मुळाक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, मध्येच डोक्यावर टिंबे असलेली युरोपी अक्षरे. डी.टी.पी.चे दुकान केव्हाच बंद पडले होते, आणि त्या आजीही गेल्या होत्या.

हे असे का व्हावे? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हे माणसांनी आपसात ठरवायचे असते. जुन्या पद्धतीत एका फॉन्टला २५६ घरे मिळत आणि त्यांतली पहिली इंग्रजीने आधीच व्यापलेली. आपली अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वेलांट्या हे सारे सामान त्याच घरांत कोंबणे भाग होते. श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचे आय.एस.एम. अशा अनेकांनी ते काम केले आणि उत्तम केले. दोन दशकांतली मराठी वृत्तपत्रे आणि पुस्तके त्यांच्यावरच निघाली. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण घरांची वाटणी प्रत्येकाने आपापल्या सोयीने केली. एकाने जेथे 'क' बसवला तेथे दुसऱ्याचा 'ण' होता. म्हणजे माझ्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच. तिच्यात इंग्रजी अक्षरे होती, आणि ती पडद्यावर मराठीसारखी दिसावीत एवढी व्यवस्था त्या फॉन्टने केलेली होती. फॉन्ट गेला, व्यवस्था गेली.

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दप्तरे उर्दूत आणि मोडीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम मराठवाड्यात सुरू झाले, तेव्हा तहसिलीतून बस्त्यांमागून बस्ते निघाले. कागद शाबूत, शाईही शाबूत, आणि वाचणारा मात्र शोधून आणावा लागला. मोडी जाणणाऱ्या निवृत्त माणसांना त्या वेळी आलेला भाव आपण पाहिलाच आहे. फरक इतकाच की मोडी अस्तंगत व्हायला काही पिढ्या लागल्या, आणि माझी फाइल आठ वर्षांत अवाचनीय झाली.

यावर उपाय निघालेला आहे आणि तो जुना आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची सामायिक संकेतव्यवस्था १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे २३२५. धाराशिवात २३२५, पुण्यात २३२५, न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाच्या घरीही २३२५. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन आकडे. त्यांना जोडून सुबक आकार देणे हे त्या त्या यंत्राचे काम. दिसणे वेगळे आणि असणे वेगळे, हे येथे प्रथमच नीट पाळले गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाजारात मुख्यतः तीन घराणी आहेत. मायक्रोसॉफ्टचे विंडोज, ॲपलचे मॅक आणि कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले लिनक्स. शिवाय प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल आहेच. त्याचे पुढे बोलू. या घराण्यांचे भक्त एकमेकांशी हिरिरीने भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही, कारण मराठीपुरता विचार केला तर २००० सालचे भांडण आता उरलेले नाही. विंडोज २००० या आवृत्तीपासून देवनागरी आली, तिच्याबरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' फॉन्ट आला. पुढच्या एक्सपीवर तर मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम बसवावी लागे. ती सीडी कोणाकडेच नसे! आज तिन्ही घराण्यांत युनिकोड मराठी विकत न घेता मिळते.

मग निवड कशावर करायची? मी समोरच्याला पहिला प्रश्न विचारतो तो असा की, तुझे कोणते काम दुसऱ्या यंत्रावर होणारच नाही? पुष्कळदा उत्तर 'कोणतेच नाही' असे येते. शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, बँक, पत्रव्यवहार हे सारे ब्राउझरमधून चालते. ब्राउझर तिन्हींवर तेच. पण वडिलांचे कापडाचे किंवा खतांचे दुकान असेल आणि हिशेब टॅलीवर असतील, तर विंडोज घ्यावे, वाद घालू नये. टॅली विंडोजवरच चालते. शेजारी विचारायला कोण आहे, हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे एम.एस.-सी.आय.टी. मुळे घरोघरी विंडोजचा हात बसलेला आहे. अडले तर गल्लीतला मुलगाही सोडवतो. हा फायदा लहान नाही.

मॅकविषयी थोडक्यात सांगतो. यंत्र देखणे आणि टिकाऊ असते. छपाई-चित्रणाच्या धंद्यात त्याचा मान आहे. परंतु त्याच्या किमतीत आपल्याकडची दोन साधी यंत्रे येतात आणि बिघडले तर सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते. ज्याला परवडते त्याने माझा सल्ला विचारलेला नसतो.

लिनक्सचे बीज लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये टाकले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि जुन्या यंत्रावरही ते हलके चालते. त्याच्या उबुंटू, मिंट अशा अनेक शाखा आहेत. सी-डॅकने काढलेली 'बॉस' ही त्यांपैकीच. केरळच्या सरकारी शाळांतून तर कित्येक वर्षे मुले लिनक्सवरच शिकत आहेत, तेव्हा हे केवळ इंजिनिअरांचे खेळणे आहे हा समज सोडून द्यावा. मात्र प्रिंटर आधी जोडून पाहावा. आमच्या कार्यालयातील जुन्या लेझर प्रिंटरने लिनक्सशी जे असहकार आंदोलन पुकारले ते तीन दिवस चालले.

मोबाइलविषयी. बहुतेक विद्यार्थ्यांचा खरा संगणक तोच आहे, हे आम्ही शिक्षक मान्य करीत नाही एवढेच. त्यावर बोललेले मराठी लिहून घेण्याची सोय २०१७ साली आली, आणि ओव्या गोळा करणाऱ्याला ती वरदान आहे. जरी 'ववी' म्हटले तरी ते यंत्र आपल्या अकलेने प्रमाण शब्द घालते आणि बोली हातची जाते. निबंध लिहायला मोबाइल चालेल. चाळीस पानांचा प्रकल्प मात्र त्यावर लिहू नये, डोळे जातात.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. टेबलावरचे यंत्र घेतले तर यू.पी.एस.चा खर्च आताच धरा, नाहीतर लॅपटॉप घ्या. भारनियमनात कोणतेही घराणे टिकत नाही.

यंत्र घेण्यापूर्वी, लातूरला घ्या की सोलापूरला, दुकानातच एक परीक्षा घ्यावी. मी एका चिठ्ठीवर काही शब्द लिहून देतो. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना', 'दऱ्या' आणि 'दर्या', 'तऱ्हा', 'ॲडमिशन', 'वाङ्मय'. हे त्या यंत्रावर लिहून आपल्या मोबाइलवर पाठवावेत आणि उघडून पाहावेत. आचारी आणि आचार्य यांतला फरक ज्या व्यवस्थेला राखता येत नाही ती वार्षिक स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी तरी वापरू नये. गंमत अशी की युनिकोडमध्येही सर्व काही सुरळीत नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र आकडा २००८ मध्ये मिळाला. तोपर्यंत लोक 'अ'वर चंद्र चढवीत. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि शोधताना एक सापडतो, दुसरा सुटतो. 'ऱ्य'चेही तसेच, तोही दोन रीतींनी लिहिता येतो.

म्हणून माझा आग्रह यंत्रापेक्षा कळफलकाचा आहे. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ पासूनचा. तो विंडोजवर आहे, मॅकवर आहे, लिनक्सवर आहे, मोबाइलवरही मिळतो. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मधल्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त. शिफ्ट दाबले की 'क'चा 'ख' होतो, 'ल'चा 'ळ' होतो, आणि 'र'चा तो 'ऱ्य'मधला 'ऱ' होतो. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. एकदा बसला की यंत्र बदलले तरी बोटांना पत्ता बदलावा लागत नाही. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवण्याची पद्धत सोपी आहे खरी. पण 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांची जी गल्लत उत्तरपत्रिकांत वाढली आहे तिचे एक मूळ मला तेथे दिसते. हे माझे वैयक्तिक मत समजावे.

माझ्या ओव्यांचे पुढे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. २०१६ मध्ये एका माजी विद्यार्थ्याने परिशिष्टातल्या छापील ऐंशी ओव्या त्या विचित्र चिन्हांशेजारी ठेवल्या आणि कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर याचा तक्ता बनवला. मोडी शिकणारा बाराखडी जुळवतो तसेच ते काम. तक्त्यावरून फॉन्टचे घराणे कळले आणि रूपांतर करणारी आज्ञावली चालवता आली. पाचशेहून अधिक ओव्या परत आल्या. त्यांतील 'ऱ्य' सरसकट 'र्य' झाले होते, ते मी एकेक हाताने दुरुस्त केले. एक फ्लॉपी सीडीवर उतरवतानाच खराब निघाली होती. तिच्यातल्या ओव्या गेल्या. एकोणीस ओव्या सांगणाऱ्या आजींच्या त्यांत अकरा होत्या.

संगणककक्षाचा निर्णय असा झाला. बारांपैकी तीनच यंत्रे विंडोज ११ च्या अटीत बसली. ती कार्यालयाला आणि ग्रंथालयाला दिली, कारण टॅली तेथे आहे. उरलेली नऊ मोडीत काढावीत असा एक प्रस्ताव होता. त्यांवर लिनक्स मिंट आणि लिबर ऑफिस घातले. पहिल्या आठवड्यात बरीच कुरकुर झाली, दुसऱ्या आठवड्यात कमी झाली. या अंकातील विद्यार्थ्यांचे सर्व लेख युनिकोडमध्येच घेतले आहेत, आणि त्यांची एक प्रत ग्रंथालयात, एक प्राचार्यांकडे व एक माझ्या घरी आहे.

ज्यांना इन्स्क्रिप्ट शिकायचे असेल त्यांनी दुपारी तीननंतर कक्षात यावे. खिडकीजवळच्या दोन यंत्रांच्या कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या आहेत. घरी कोणाकडे जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील, आजोबांची कविता असो की भजनी मंडळाची वही, तर त्या फायलीसोबत एखादे छापील पानही शोधून आणावे. त्या पानावाचून तक्ता बनत नाही.