ब्लोअर बंद पडला तर

पेणहून नागोठणे आणि भिसे खिंडीमार्गे रोह्याला जाताना पावसाळ्यात गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते. कोकणात हीटरची गरज क्वचितच पडते, पण काच स्वच्छ ठेवणारी हवा त्याच ब्लोअरमधून येते. तो बंद असेल तर घाटात समोरचे वाहन दिसत नाही.

आधी पाहा, पंखा फक्त शेवटच्या वेगावर फिरतो का? साध्या नॉबच्या गाडीत तसे होत असेल तर मोटर ठीक आहे, बहुधा रेझिस्टर जळाला आहे. कमी वेगांना वीज त्यातून जाते, पूर्ण वेगाला ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. रेझिस्टर मोटरच्या मानाने स्वस्त असतो. तो न तपासता मोटर बदलू देऊ नका.

कुठल्याच वेगावर हालचाल नसेल तर फ्यूज, मग रिले. नवा फ्यूजही उडाला तर जास्त अँपिअरचा मुळीच बसवू नका. वायर पेटू शकते. नंतर मोटरच्या कनेक्टरवर, बहुतेक गाड्यांत डावीकडच्या डॅशबोर्डखाली, मल्टिमीटर लावा. पूर्ण वेगावर दोन्ही टोकांत सुमारे १२ व्होल्ट मिळूनही पंखा फिरत नसेल तर दोष मोटरचा: झिजलेले कार्बन ब्रश किंवा गंजलेले बेअरिंग. व्होल्ट नसतील तर स्विच, वायरिंग आणि अर्थिंग तपासावे लागेल.

झाडाखाली उभ्या गाडीत काचेखालच्या जाळीत पाला साचतो, निचरा तुंबतो आणि पाणी मोटरपर्यंत पोहोचते. ही जाळी जूनआधी साफ करून घ्या.